शंभर माणसं बसल्याशिवाय

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अजून आहे. निवृत्त झालो तेव्हा कुणी मला काढलं नाही आणि मीही बाहेर पडलो नाही. त्या सकाळी भूगावच्या फ्लॅटमध्ये चहा घेताना ग्रुप उघडला, तर आधी रस्त्यालगतच्या प्लॉटची जाहिरात, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि त्याखाली इंदूताईंचा फोटो... भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो त्यांच्या सरपंचपदाच्या काळातला. डोक्यावर पदर, कपाळाला आठी. टाकणाऱ्याला हसरा फोटो मिळालाच नसणार, कारण फोटोसाठी त्या कधी हसत नसत. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यातल्या बहुतेकांना मी ओळखतो. ताईंच्या हयातीत यांतले किती जण त्यांच्या हाकेला आले, तेही मला ठाऊक आहे, म्हणून मी हात जोडले नाहीत. फोन पालथा ठेवला.

मी त्या गावचा ग्रामसेवक होतो. गाव पुण्याजवळच्या रिह्याच्या खोऱ्यातलं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांत मला अजून जायचं आहे. इंदूताई महिला राखीव जागेवर सरपंच झाल्या तेव्हा सगळे धरून चालले होते की कारभार त्यांचे यजमान बघणार. पहिल्या बैठकीला ते बिचारे खरंच येऊन खुर्चीत बसले. ताईंनी त्यांना कंपनीच्या बसची आठवण करून दिली, ते मुकाट्याने पिरंगुटला ड्युटीवर गेले आणि पुन्हा कधी ऑफिसात फिरकले नाहीत. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, आता सांगा भाऊसाहेब, सरपंचानं काय काय करायचं असतं. त्यांना कागद भरभर वाचता येत नसे, पण एकदा ऐकलेला नियम त्या विसरत नसत. माझी पंचाईत तिथेच सुरू झाली.

त्याच सुमारास परदेशातल्या एका संस्थेच्या पैशातून खोऱ्यातल्या वाड्यांना नळाचं पाणी आलं. काम पुण्यातल्या एका संस्थेने केलं. डोंगरावर टाकी, उन्हावर चालणारा पंप, वाडीवाडीत नळ. काम चोख झालं, खोटं कशाला बोलू? पण ग्रामपंचायत म्हटलं की या मंडळींच्या अंगावर काटा येई. तिथे राजकारण असतं, पैसे खातात, कामं रखडतात... म्हणून त्यांनी स्वतःच माणसं निवडून वेगळी पाणी समिती केली. अध्यक्षही त्यांनीच नेमला, गावातलाच एक मोठा जमीनवाला, चार इंग्रजी शब्द फेकणारा. गावाला कारभार शिकवायला सातासमुद्रापलीकडून यायचं आणि गावाने निवडून दिलेल्या बाईला दाराबाहेर ठेवायचं, याचा मला तेव्हा संताप यायचा. अजून येतो.

ताईंचा प्रश्न साधा होता. पैसेवाले निघून गेल्यावर पंप बिघडला तर बायकांनी कुणाच्या दारात जायचं? पाहणीला आलेल्या परदेशी बाईंपुढे, मार्था त्यांचं नाव, त्या सरळ बोलल्या, "मला गाव पाच वर्सांनी पाडू शकतं. ह्या समितीला कोन पाडणार? जिला पाडता येत न्हाई तिच्या हातात पानी द्यायचं न्हाई." पुण्याच्या संस्थेतल्या मुलीने ते भाषांतर करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मार्थाबाई चक्क ताईंच्या बाजूने उभ्या राहिल्या. प्रकल्प बंद व्हायच्या आत ग्रामसभेने ठराव करावा, गावाने पाणीपट्टी भरायचं कबूल करावं, मग योजना पंचायतीच्या नावावर करून देऊ, असं ठरलं. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. ग्रामसभेला साधारण शंभर मतदार हजर लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि ती पुन्हा भरते तेव्हा मात्र माणसांची अट नसते. पाच-सहा जणांनी चहा पीत अख्ख्या गावाच्या नावाने ठराव करायचे. मी नोकरीभर असेच ठराव लिहिले, सगळेच लिहितात. त्यामुळे पाण्याच्या ठरावासाठी बोलावलेल्या सभेला पंधरा-वीस डोकी जमली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी ताईंना म्हटलं, उद्या तहकूब सभेत करून टाकू.

ताई समाजमंदिराच्या सतरंजीवर बायकांत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मग त्यो ठराव तुमचा नि माजा, भाऊसाहेब. गावाचा न्हाई. पट्टी मागाया गेलं की लोक म्हनतील, आमी कुटं व्हतो?"

मी समजावलं, चिडलो, नियम दाखवला. नियमात बसतं हे त्यांना मान्य होतं. पण पाणी गावाचं व्हायचं तर गावाने समोर बसून हो म्हणायला हवं, यावरून त्या हलल्या नाहीत. नवी सभा बोलावली. ताई दारोदार फिरल्या. तरणी पोरं जमिनीच्या सौद्यांत, बाया फार्महाऊसच्या कामावर, म्हातारे म्हणत, तुम्ही करताय ते बरोबरच आहे, आम्ही कशाला? गणपूर्ती झाली नाही. मग त्यांनी कंपन्यांच्या पाळ्या बघून संध्याकाळची वेळ धरली. त्या दिवशी सतरंज्या खरोखर भरत आल्या होत्या. थोडीच माणसं कमी, आणि ती चांदणी चौकातून येणाऱ्या बसमध्ये अडकलेली. आम्ही थांबलो. बसलेल्यांतले एकेक उठू लागले, कुणाला धार काढायची, कुणाची भाकरी राहिलेली. बस आली तेव्हा आधीची माणसं गेली होती.

मार्थाबाईंनी वरच्यांकडे मुदत मागितली. मिळाली नाही. ते सांगायला त्या स्वतः आल्या, डोळे लाल, म्हणाल्या की माझ्या ऑफिसात माझं कुणी ऐकत नाही. ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "मंजी हिच्या हापिसात बी ग्रामसभा न्हाई." आम्ही हसलो. शेवटचं हसलो ते तेव्हाच.

योजना समितीकडेच राहिली. टाकी अध्यक्षाच्या जमिनीत होती. पुढे त्याने तो डोंगर फार्महाऊसवाल्यांना विकला. टाकी आज कुंपणाच्या आत आहे, पाणी आधी हिरवळीला जातं, उरलं तर वाड्यांना, आणि उरत नाही. तक्रार घेऊन गेलं तर पंचायत म्हणते योजना आमची नाही, आणि समिती कुठे भरते हे कुणालाच माहीत नाही. संस्थेच्या शेवटच्या अहवालात मात्र योजना 'लोकांच्या ताब्यात' गेल्याचं लिहिलं होतं, असं ती भाषांतर करणारी मुलगी पुढे मला म्हणाली. कोणते लोक, हे अहवालाला कुणी विचारत नाही.

आणि गावाने दोष कुणाला दिला? ताईंना. सभेला न आलेल्यांनीच दिला. तिने हट्ट केला म्हणून आमचा नळ गेला, असं बाया त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत. पुढे आरक्षण बदललं, पद गेलं, यजमान गेले, मग त्यांना हृदयाचं दुखणं लागलं. गेल्या वर्षी भेटायला गेलो तर दारात टँकरच्या पाण्याची पिंपं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, मी चुकले का?"

त्यांच्याशी मी कधी गोड बोललो नव्हतो. म्हटलं, हो ताई, चुकलात.

त्या हललेल्या दिसल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग माज्या माघारी करून टाकायचा व्हता ना ठराव..."

आयुष्यात एवढं हताश वाक्य मी ऐकलेलं नाही. अख्ख्या खोऱ्यात जी एकटी बाई खोटा ठराव नको म्हणत होती, तिलाही शेवटी खोटाच ठराव हवासा वाटला. त्यांचं हृदय त्या दिवशीच थांबलं, असं मी मानतो. डॉक्टरांनी तारीख पुढची लिहिली.

मागच्या आठवड्यात गावात ग्रामसभा होती, मी गेलो होतो. विषयपत्रिकेत शेवटी ताईंच्या शोकप्रस्तावाचा विषय होता. गणपूर्ती अर्थातच झाली नाही. दुसऱ्या दिवशी तहकूब सभा भरली, मी तिलाही गेलो. सतरंज्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती, खुर्च्याच पुरल्या. नव्या ग्रामसेविका भराभर ठराव वाचत होत्या, माना हलत होत्या. शोकप्रस्ताव आला तसा ताईंचा मुलगा संदीप उठला. पिरंगुटला कंपनीत आहे, सभेत कधी बोलत नाही. म्हणाला, "आईचा ठराव आज नका करू. शंभर मानसं बसतील तवा करा."

कुणीतरी हळूच म्हणालं की असं केलं तर तो कधीच व्हायचा नाही. संदीपने ऐकलं, मान हलवली आणि खाली बसला. ग्रामसेविकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी त्या विषयापुढे 'प्रलंबित' असं लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.

पुढच्या सभेला मी पुन्हा जाणार आहे. मी त्या गावचा मतदार नाही, माझं डोकं मोजलं जाणार नाही. माणसं येतील असंही मला वाटत नाही.