खालच्या खोलीतली हवा

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला, काही वेळ पाहिला आणि विचारले, "सिगारेट किती?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पाहिले. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक पांढरा डाग होता. त्याला ते "शॅडो" म्हणाले. शॅडो म्हणजे सावली. ती कशाची, हे एक्स-रे सांगत नाही. त्यासाठी पुढच्या तपासण्या कराव्या लागतात.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी मस्कतजवळच्या रुसैल औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख होतो. खोकला उन्हाळाभर होता. मस्कतमध्ये धुळीने खोकला होतोच, असे म्हणून मी तो सोडून दिला होता. मग एका सकाळी रुमालावर रक्ताची रेघ दिसली. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला अशी रेघ दिसली असेल, तर त्याने धुळीला दोष देत बसू नये.

सीटी स्कॅन झाले. यात शरीराचे आडवे काप घेतल्यासारखी चित्रे मिळतात. नंतर बायोप्सी झाली. सुईने गाठीचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. निकालाची वाट पाहत मी रुग्णालयाच्या बाकावर बसत असे. शेजारी बरका गावचा एक वृद्ध ओमानी शेतकरी असे. तो विचारी, "आज?" मी म्हणे, "उद्या." तो म्हणे, "इन्शाल्ला." त्यापलीकडे आमची भाषा जात नव्हती. तेवढी पुरत असे.

निकाल अ‍ॅडिनोकार्सिनोमा असा आला. फुफ्फुसातल्या ग्रंथीपेशींचा हा कर्करोग. धूम्रपान न करणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला, तर तो बहुधा या प्रकारचा असतो. पत्नीला मी गाडीत बसल्यावर सांगितले. तिने खिडकीकडे तोंड केले. घरी पोचल्यावर तिने मुंबईला जायची बॅग काढली.

मुंबईत लोबेक्टमी झाली. लोबेक्टमी म्हणजे फुफ्फुसाचा एक कप्पा काढून टाकणे. गाठ लहान होती आणि पसरलेली नव्हती. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेविषयी एवढेच सांगतो की ती कमी होते, आणि श्वासाचे व्यायाम कंटाळवाणे वाटले तरी चुकवू नयेत.

घरी सोडताना शल्यचिकित्सकांनी कारखान्याची चौकशी केली. अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, रसायने कोणती, मुखपट्टी वापरता का. मी उत्तरे दिली. त्यांचे समाधान झाले नाही.

"दिवसाचे सर्वांत जास्त तास तुम्ही कोणत्या खोलीत श्वास घेता?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "खालच्या."

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात आमची वसाहत डोंगराच्या पायथ्याशी होती. सगळे बंगले एका मालकाचे, एकाच नकाशाचे. डोंगर कापून बांधलेल्या प्रत्येक बंगल्याला निम्मी जमिनीत गेलेली एक खोली होती. घरातली सर्वांत थंड खोली तीच. दुपारची सुट्टी मी तिथे झोपून काढी, रात्रीही तिथेच झोपे. उष्मा आणि धूळ येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावलेली असे. एसी तीच हवा फिरवत राही.

हे ऐकून शल्यचिकित्सकांनी रेडॉनविषयी सांगितले. रेडॉन हा जमिनीतल्या खडकांतून निघणारा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून तो घरात येतो आणि बंद खोलीत साठतो. वर्षानुवर्षे श्वासातून गेला, तर फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्याला तो धोका अनेक पटींनी जास्त.

"तुमचा आजार त्यानेच झाला, हे मला सिद्ध करता येणार नाही," ते म्हणाले. "कोणालाच येणार नाही. पण खोली मोजता येते. मोजून घ्या."

मस्कतला परतल्यावर माझ्या आजाराविषयी मला फारसे काही करायचे उरले नव्हते. प्रश्न शेजारच्या घराचा होता. शेजारी हसनभाई, मूळचे रत्नागिरीकडचे, मासळीचे व्यापारी. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती. बाळाला उकाडा सोसत नाही म्हणून त्याचा पाळणा खालच्या खोलीत टांगला होता. ती खोली आणि माझी खोली यांमध्ये एकच भिंत होती.

मी वसाहतीच्या रहिवासी समितीकडे गेलो. अध्यक्ष खानोलकर, एका बँकेत अधिकारी. फाटक, बाग, पाण्याचे टँकर, गणपती, ईदचे जेवण, सगळे त्यांच्या हातात आणि सगळे व्यवस्थित. मी सर्व घरांच्या खालच्या खोल्या मोजाव्यात अशी मागणी केली. शुक्रवारच्या सभेत ती चर्चेला आली.

खानोलकर म्हणाले, "साहेब, जन्मभर रुसैलचा धूर तुम्ही खाल्लात, आणि दोष आमच्या फरशीला?"

लोक हसले. मीही त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो. मग कोणी म्हणाले, अर्बाबच्या, म्हणजे बंगल्यांच्या मालकाच्या, कानावर गेले तर तो वसाहत रिकामी करील. कोणी म्हणाले, जागेचे नाव खराब होईल. ही कारणे खरी होती, पण मुख्य कारण कोणी उच्चारले नाही.

आमच्या लोकांत एक रीत होती. गावाहून कोणी नवा माणूस नोकरीला आला की त्याची सोय लागेपर्यंत तो कोणाच्या तरी खालच्या खोलीत राही. भाचा, मित्राचा मुलगा, कधी केवळ ओळखीच्या ओळखीचा. कोणी नाही म्हणत नसे. त्या वसाहतीतल्या प्रत्येक खोलीने अशी माणसे सांभाळली होती. आपण पाहुण्याला कशात झोपवले, हे ऐकायची कोणाची तयारी नव्हती.

शेवटी मोजणीला मान्यता मिळाली. बहुधा माझे तोंड बंद व्हावे म्हणून. ओळखीच्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी डब्या दिल्या. प्लास्टिकची लहान डबी, आत फिल्मचा तुकडा. रेडॉनमधून निघणारे कण त्या फिल्मवर सूक्ष्म खुणा उमटवतात. त्या मोजल्या की हवेतले प्रमाण कळते. डबी काही आठवडे खोलीत ठेवायची. प्राध्यापकांनी घरोघर एकच सूचना दिली होती: नेहमी राहता तसेच राहा.

निकाल आले. माझी खोली सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी वर. बाकी सगळ्या मर्यादेच्या आत. हसनभाईंचीही.

पुन्हा सभा भरली. खानोलकरांनी निकाल वाचून दाखवले आणि माझ्या घराला काही मदत लागल्यास समिती करील, असे सांगितले. ते मनापासून म्हणाले असावेत. मला निकाल पटत नव्हता. एकच डोंगर, एकच फरशी, मध्ये एक भिंत. पण आकडे विरुद्ध होते आणि अभियंत्याने आकड्यांशी भांडू नये. 

तेव्हा बायकांच्या बाजूने हसनभाईंच्या पत्नी झुलेखाभाभी उभ्या राहिल्या. सभेत त्या कधी बोलत नसत.

"भाऊ, आमच्या डबीचा आकडा धरू नका."

हसनभाई म्हणाले, "तू बस गो. तुला काय कलतं त्यातला?"

"मला कलतं तेवढाच सांगते. घरात तपासणी येनार म्हनून मी खोली धुवून काढली. खिडकीची पट्टी फाडली. डबी होती तवर खिडकी रोज उघडी, पंखा चालू, लुबानचा धूप जालला. पावना घरात असताना कोंदट वास कसा ठेवायचा?"

कोणीतरी हसले. मग खानोलकरांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "आम्ही तर रंग दिला. दार-खिडकी उघडी ठेवली होती, वास जाईपर्यंत."

त्यानंतर एकेक जण बोलू लागले. कोणी झोपायची गादी वर नेली होती. कोणी डबी खिडकीत ठेवली होती, "तिला जरा हवा मिळावी म्हणून". घराबाहेरचे काही घरात आले की घर उघडायचे, झाडायचे, सजवायचे, हेच सर्वांना ठाऊक होते. कोणी फसवले नव्हते. आमच्याच घरात खोली बंद राहिली होती, कारण शस्त्रक्रियेनंतर मला धूळ सोसत नव्हती.

म्हणून वाचकांना सांगतो. मोजणी म्हणजे पाहुणा नव्हे. तिच्यासाठी घर आवरू नका. जसे बंद ठेवता तसेच बंद ठेवा.

झुलेखाभाभींनी दुसऱ्या मोजणीची वाट पाहिली नाही. सभेतून घरी गेल्या आणि पाळणा वर नेला. सुनेने उकाड्याची तक्रार केली, तेव्हा त्या तिला काय म्हणाल्या ते भिंतीपलीकडून आम्हाला स्पष्ट ऐकू आले. इथे लिहिण्यासारखे नाही.

दुसरी मोजणी कडक उन्हाळ्यात, बंद खोल्यांत झाली. बहुतेक घरे मर्यादेच्या वर निघाली. हसनभाईंची खोली माझ्यापेक्षा वाईट होती.

अर्बाबकडे मी आणि खानोलकर गेलो. ज्याची सर्वांना धास्ती होती, त्या माणसाने कहवा पाजला, नीट ऐकून घेतले आणि विचारले, "उपाय आहे?" मी सांगितला: भेगा बुजवायच्या, फरशीला भोक पाडून खालून नळी घ्यायची आणि पंख्याने तो वायू छपरावर सोडायचा. तो म्हणाला, "यल्ला, करा." काम माझ्या देखरेखीखाली झाले. पुन्हा मोजले. प्रमाण उतरले होते.

अर्बाबकडून परत येताना खानोलकरांनी वाटेत गाडी थांबवली होती.

"माझा धाकटा भाऊ त्या खोलीत राहून गेला, साहेब. बरीच वर्षे. मीच आग्रह केला होता. आता त्याला काय सांगू?"

"तपासून घे म्हणावं," मी म्हणालो. "आणि सिगारेट ओढत असेल तर सोड म्हणावं."

"ओढतो."

"मग आजच सांगा."

त्यांनी घरी जाऊन लगेच फोन लावला. भावाने तपासणी करून घेतली. काही निघाले नाही. सिगारेट सुटायला मात्र वेळ लागला, असे ऐकले.

पुढे मी निवृत्त होऊन भारतात परतलो. दरवर्षी तपासणी होते. चढ चढताना थांबावे लागते. आजाराचे कारण मला ठाऊक नाही आणि आता ते कळणार नाही. पूर्वी कारण कळल्याखेरीज मी कोणतेही यंत्र पुन्हा सुरू करत नसे. कारण न कळताही माणसाला पुढे चालता येते, एवढे मी या आजारात शिकलो.

डॉक्टरांचे आणि पत्नीचे आभार मी वेळोवेळी मानले आहेत. झुलेखाभाभींचे राहिले. भरल्या सभेत स्वतःची चूक सांगायला त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. आकडा त्यांच्या बाजूचा होता. गप्प बसल्या असत्या, तर त्यांचे घर चांगले ठरले असते आणि पाळणा खालीच राहिला असता. त्यांचा नातू आता कॉलेजात आहे. निकोप आहे.

त्यांचे आभार इथे मानतो.