नंदकुमारांची शिष्टाई

...तर काल सांगायचं राहिलं ते हे, की कुवेतमध्ये फरवानियातल्या त्या अबोला धरलेल्या भावांच्या दारात नंदकुमारांनी चपला काढल्या आणि फोन बंद करून चपलेत ठेवला. त्यांची रीतच होती ती. भांडण मिटवायला गेलं की फोन बाहेर, आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत मूळ विषय काढायचा नाही. पहिला कप रीतीचा, दुसरा मनापासूनचा, असं ते म्हणायचे. तिथेच मंगफ गावी राहून तेलाच्या कंपनीत उभी हयात फोरमनकी केली, पण नाव झालं ते शिष्टाईत. किती जणांचे संसार सांधले, विचारू नका!

त्या दिवशीही भाऊ एका ताटात जेवले. नंदकुमार खुशीत बाहेर आले, फोन सुरू केला, तर त्यांची बायको सुचित्रा इस्पितळात वारलेली. मुलगा आलोक फोन करकरून दमला होता. ‘हे कुठे राहिले?’ एवढंच ती शेवटपर्यंत विचारत होती म्हणे.

तेव्हापासून आलोक बापाशी बोलत नाही. राहतो कुवेत सिटीत, गाडीनं अर्ध्या तासावर. आता सगळ्यांची शिष्टाई करणाऱ्याची शिष्टाई कोण करणार? यंदा श्राद्धाआधीच्या शुक्रवारी नंदकुमार स्वतःच गेले. तुझ्या आईचं श्राद्ध एकत्र करू, एवढंच मागायचं होतं. फोन घरीच ठेवला होता.

सून श्वेतानं बसवलं, चहा दिला. आलोकच्या खोलीचं दार लागलेलं. नात अक्षरा शाळेच्या प्रोजेक्टचं पुस्तक घेऊन आजोबांना चिकटली. त्यात सहाशे वर्षांपूर्वीचा स्पेनमधला एक सरदार होता, राजाचा वकील म्हणून परमुलखाच्या दरबारी जाणारा. गडी मोठा गोडबोल्या! दोन राजांचा तह जुळवून घरी परतला, तर बायको जाऊन महिना झालेला, आणि पोरांनी गढीचा दरवाजा लावून घेतलेला.

अक्षरा अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी सांगत होती. नंदकुमार हं हं करत होते. कप केव्हाच रिकामा झाला होता. श्वेता स्वयंपाकघरातून एकदा डोकावली, लागलेल्या दाराकडे बघितलं आणि दुसरा कप न विचारता तशीच आत गेली.

“आजोबा, मग त्याच्या सन्सनी त्याला फरगिव्ह केलं का? इथे लिहिलंच नाहीये.”

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नंदकुमारांनी मान वर केली. दार काही उघडलं नाही.

“लिहिलं नाही ना, अक्षू? मग नसेलच केलं. निघतो मी. आईला सांग, चहा छान झाला होता.”