बिनखिळ्याचं कपाट

मिस्त्रीच्या होडीत एक कपाट होतं आणि त्या कपाटात एकही खिळा नव्हता. धक्क्यावर कुणी नवं माणूस आलं की मिस्त्री त्याला हाताला धरून आत न्यायचा, कपाटाच्या कडेवरून बोट फिरवायला लावायचा आणि म्हणायचा, "सांधा सापडला तर सांगा." सांधा कुणालाच सापडत नसे. मग वहिनी चहा पुढे करायची, आणि पाहुणा चहाचं कौतुक करून आपली सुटका करून घ्यायचा.

वहिनी म्हणजे मिस्त्रीची बायको. नाव तिलाही होतं, पण धक्क्यावर सगळे वहिनीच म्हणत, तिच्याहून म्हातारेसुद्धा. तिची सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईत गेली. चादरी धुवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या, खाली आणून इस्त्री करायची. अंगानं मूठभर, पण दंड असे की ओल्या चादरीनं तिला पाहूनच पाणी सोडावं. मिस्त्री मात्र ताडमाड. दोघं रस्त्यानं निघाली की शिडी आणि स्टूल कामाला निघालंय असं वाटतं, असं मिस्त्रीची थोरली बहीण म्हणायची. तिला वहिनी वन्सं म्हणे. वन्संच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही राहायचं नाही. असेल ते सगळं बाहेर.

धुलाईच्या गच्चीवरून समुद्र दिसायचा आणि समुद्रात, लांब, एक बेट. झोपलेल्या म्हशीसारखं. चादर दोरीवर टाकली की बेट झाकलं जायचं, वाऱ्यानं चादर उडाली की पुन्हा दिसायचं. वहिनीनं असं झाकतउघडत ते बेट आयुष्यभर पाहिलं. "एकदा तिथे जायचं," ती म्हणायची. "जाऊ की," मिस्त्री म्हणायचा. पण सुट्टी एका दिवसाची आणि बेट दोन दिवसांचं, म्हणून होडी आपली खाडीतल्या खाडीत फिरायची, बांधलेल्या शेळीसारखी.

आता कपाट होडीत कुठून आलं ते सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही मालकिणीची पहिली अट होती आणि शेवटचीही. वहिनीच्या कपबशा खाटेखाली असत. एकदा ती सहज बोलून गेली, "एक कपाट असतं तर." त्याच सुमारास एका गिऱ्हाइकानं कामाच्या बदल्यात त्याला ही जुनी शिडाची होडी देऊन टाकली, अंगानं धड पण आतून उघडीबोडकी. मिस्त्रीनं विचार केला, भिंत परक्याची आहे, होडी तर आपली आहे. आणि त्यानं होडीच्या डाव्या अंगाला, बसायच्या फळीपासून थेट छतापर्यंत कपाट उभं केलं. खाचेत खाच, वर सरस. प्रत्येक कपाला त्याचं त्याचं गोल घर, होडी कलली तरी कप हलायचा नाही. बाकीच्या बायकांची कपाटं घरात असतात, वहिनीचं पहिलं कपाट पाण्यावर होतं. पुढे घर झालं, घरात कपाटं झाली, पण चांगले कप होडीतच राहिले.

त्या कपाटानं एक चहाची गाळणी मात्र गिळली होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. वन्सं येऊन गेल्या आणि गाळणी नाहीशी झाली, एवढंच वहिनीला माहीत. तोंडानं ती कधी काही बोलली नाही. फक्त वन्सं होडीवर आल्या की नवी गाळणी हाताखाली ठेवायची. वन्संना हे कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे वहिनीला कळत होतं.

दोघंही नोकरीधंद्यातून मोकळी झाली तेव्हा बेटाचं नक्की ठरलं. बाहेरच्या समुद्रात जायचं म्हणून मिस्त्रीनं आपल्या जुन्या दोस्ताला बोलावलं. तो डोलकाठ्या आणि त्यांच्या तारा सांभाळायचा, म्हणून त्याला तारमास्तर म्हणत.

डोलकाठी काही आपल्या पायावर उभी नसते. दोन्ही अंगांनी तारा तिला धरून ठेवतात आणि त्या तारा खाली पोलादी पट्ट्यांना अडकवलेल्या असतात. पट्टी डेकच्या फटीतून आत उतरते आणि आतल्या लाकडी आडभिंतीला बोल्टांनी आवळलेली असते. दातासारखंच आहे ते. वर दिसतो तो थोडा, खरा जोर मुळात, आणि दुखणंही तिथेच.

तारमास्तरानं उजव्या बाजूच्या पट्ट्या सोडवल्या. जुन्या होत्या, बारीक खड्डे पडले होते, पण धड होत्या. नमुना देऊन लेथवाल्याकडून नव्या करून आणल्या, बसवल्या. मग तो डावीकडे वळला. डेकवर पट्टीच्या बुडाशी तपकिरी ओघळ आला होता. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला.

"मिस्त्री, डावीकडचे बोल्ट कुठे आहेत?"

"आहेत की."

"कुठे?"

मिस्त्रीनं नुसतं कपाटाकडे पाहिलं.

"मग कपाट सोडव."

"सुटत नाही."

"सुटत नाही म्हणजे? तूच बांधलंस ना?"

"म्हणूनच सुटत नाही."

तारमास्तर फळीवर बसला. "आडभिंतीवर बोल्ट, बोल्टांवर कपाट, आणि कपाटाला दार फक्त कपांसाठी. दाढ दुखली तर डोकं फोडायचं, असं केलंयस तू."

"उजवीकडच्या धड निघाल्या ना? याही तशाच असतील."

"भाऊ धडधाकट आहे म्हणून बहिणीला ताप येत नाही का?"

वन्सं धक्क्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. तिथून म्हणाल्या, "बहिणीला कशाला मध्ये घेता? बहीण ठणठणीत आहे."

तारमास्तर उठला. "माझं एवढंच. ही बाजू पाहिल्याशिवाय खाडीबाहेर जाऊ नका. गेलात तर मला सांगू नका."

त्यानंतर मिस्त्रीनं काय काय करून पाहिलं. आरसा घालून पाहिला, वाकडा पाना करून पाहिला, शेजारच्या कोनाड्यातून हात घालून पाहिला. हात कोपरापाशी अडकला, तो साबण लावून काढावा लागला. संध्याकाळी तो म्हणाला, "बेटावर मोटारबोट जाते. तिकीट काढून जाऊ. नाहीतरी होडीचं आता होत नाही आपल्याच्यानं. कुणी घेतलं तर देऊन टाकू."

वहिनी कप पुसत होती. पुसतच राहिली. मोटारबोटीनं बेट येतं, पण ते भेटायला आलेल्या पाहुण्यासारखं, लोकांच्या गर्दीत. तिला स्वतःच्या शिडाखालून जायचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चादरी वाऱ्यावर धरल्या, एकदा आपलं कापड वाऱ्याला द्यायचं होतं. पण हे असं सांगायचं कसं, म्हणून ती म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच कोनाड्यात शिरायचं ठरवलं. मूठभर असण्याचा कधीतरी उपयोग होतो. आडभिंतीच्या मागे, दोरांच्या आणि जुन्या डब्यांच्या वर, ती कुशीवर पडली आणि हात लांब केला. बोटांना बोल्टाचं टोक लागलं. ओलं होतं. नट चिमटीत धरला तर त्याचा पापुद्राच हातात आला.

बाहेर येऊन तिनं बोटं पाहिली. लालतपकिरी. गंजाचा डाग तिनं हजारदा पाहिला होता. चादरीला तो लागला की लिंबू लावा, मीठ लावा, उकळा, ती चादर गेलीच.

"अहो, करवत द्या."

"करवत कशाला?"

"कपाट कापायला."

मिस्त्री दारात उभा राहिला, म्हणजे दार बंदच झालं म्हणायचं. "ते तुझं कपाट आहे," तो म्हणाला. "मी नाही कापू देणार. होडी गेली तरी चालेल."

असं म्हटल्यावर पुढचं बोलणं अवघड होतं. वहिनीनं पदर खोचला, आणि ताकाला आलोच आहोत तर भांडं लपवायचं कशाला, असं म्हणून बोलून टाकलं. "अहो, वरच्या दोन कप्प्यांना माझा हात कधी पोचलाच नाही."

"काय?"

"तुम्ही तुमच्या उंचीनं बांधलंत."

"मग वरचे कप काढायचीस कसे?"

वहिनीनं कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिलं. मिस्त्रीनंही पाहिलं. डेक धुवायची बादली कायम आत का असते, हे तो वर्षानुवर्षं विचारत आला होता आणि दर वेळी काहीतरी उत्तर मिळत आलं होतं.

"पालथी घालून?"

"हो."

"मला वाटायचं, तुला बसायला लागते."

"बसायला एवढी फळी केलीत की."

तो खाली बसला. त्याच फळीवर. "बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तुम्ही येईल त्याला सांधे शोधायला लावत होता."

डेकवर पावलं वाजली. वन्सं वरून वाकून म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण म्हणतात. तुमच्या घरात तर ती सून होऊन राहिलीय. तो तुझ्यासाठी कपाट जपतोय, तू त्याच्यासाठी बादलीवर चढतेयस. कापा आता, मला ऊन लागतंय."

करवत मिस्त्रीनं आणली, धार पाहिली, पेन्सिलीनं रेघही मारली. पण हात चालेना. तेव्हा करवत वहिनीनं घेतली. काप रेघेवरून तिरका गेला, त्याला ते दिसत होतं. एकदा फक्त म्हणाला, "कोपर अंगाजवळ ठेव." मागची फळी सुटून आली तशी फळीमागून खण्णकन काहीतरी पडलं.

वन्संनी ते उचललं, उजेडात धरलं. गाळणी होती.

"ही मी नेली होती," वन्सं म्हणाल्या.

वहिनीनं मान खाली घातली. "नेली असतीत तर बरं झालं असतं, वन्सं. वापरात तरी राहिली असती."

"आता राहील," म्हणून वन्संनी ती पिशवीत टाकली. कुणी हरकत घेतली नाही.

तारमास्तर आला. डोलकाठीच्या टोकाकडून येणारे दोर त्यानं डाव्या काठाला ताणून बांधले, म्हणजे तार सोडली तरी काठी झुकायची नाही. एका वेळी एकच पट्टी, हा त्याचा नेम. पहिली निघाली, बरी होती. मधली निघाली, तीही वरून चकचकीत, खालूनही ठीक. पण डेकच्या जाडीत जेवढी लपलेली होती, जिथे वरूनही दिसत नाही आणि आतूनही दिसत नाही, तिथे आडवी चीर होती. तारमास्तरानं दोन हातांत धरून जरा वाकवली. बिस्किटासारखी मोडली.

मिस्त्रीनं तो तुकडा हातात घेतला. मग बायकोकडे पाहिलं. होडीत ती कायम डाव्या बाजूलाच बसायची, कपाटापाशी. तारमास्तराला एकाएकी वर जाऊन दोर तपासायची गरज वाटली.

आडभिंतीचं लाकूडही बोल्टांभोवती भिजून मऊ झालं होतं. ते मिस्त्रीनं कोरून काढलं आणि कडक लाकडाचा तुकडा असा बेमालूम बसवला की त्याचं त्यालाच बरं वाटलं. नव्या पट्ट्या जाड होत्या. बोल्ट आवळायला दोन माणसं लागतात, भिंतीच्या अल्याड एक, पल्याड एक. मिस्त्री कपाटाच्या जागी, वहिनी कोनाड्यात नटाला पाना लावून. बोलणं ऐकू येईना, म्हणून खूण ठरली. एकदा ठोकलं म्हणजे धर, दोनदा म्हणजे सोड.

मधेच पलीकडून तीनदा ठोकल्याचं ऐकू आलं.

"तीन म्हणजे काय?" मिस्त्री ओरडला.

"चहा."

इतक्या वर्षांचा संसार, पण भिंत मध्ये घालून इतकं सुरळीत बोलणं त्यांचं आधी झालं नव्हतं. शेवटी डेकवरची फट लुकणानं बुजवली, वर झाकणपट्टी आली, तारा ताणल्या. तारमास्तरानं एकेका तारेवर चापट मारून आवाज ऐकला. "आता ठीक. पण पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा. नवी वस्तू जागेवर बसायला वेळ घेते."

"नव्या सुनेसारखी," वन्सं म्हणाल्या.

नवं कपाट करताना मिस्त्रीनं वहिनीला भिंतीपाशी उभं केलं, हात वर करायला लावला, आणि बोटं पोचली तिथे खूण केली. कपाट तिथेच संपलं. मागची फळी स्क्रूंवर, काढघाल करता येईल अशी, आणि पट्टीसमोर एक चिमुकलं दार, लाकडी खिटीचं. स्क्रूंची डोकी दिसत होती आणि ती त्याला डोळ्यांत खुपत होती. कुणी पाहायला आलं की तो आधीच सांगायचा, "हे जरा वेगळं आहे, दुरुस्तीला सोपं." पाहुणे म्हणायचे, छान आहे, आणि या वेळी खरंच म्हणायचे. बादली डेकवर गेली.

ज्या दिवशी दोघं निघाली त्या दिवशी वारा बेताचा होता. वन्सं येणार नव्हत्या, पण गाळणी घेऊन आल्या. खाडीचं तोंड मागे पडलं तसा वारा वाढला, शीड भरलं, होडी कलली, आणि वाऱ्याकडच्या, डाव्या तारा ताठ झाल्या. मिस्त्रीच्या हातात सुकाणू होतं, पण लक्ष खाली.

वहिनी आत गेली. खिटी फिरवली, दार उघडलं आणि पट्टीवर तळवा ठेवला. पट्टी गार होती. सगळ्या शिडाचा ओढा तिच्यात उतरलेला जाणवत होता, इस्त्री करताना चादरीचं दुसरं टोक कुणीतरी घट्ट धरलेलं असावं तसा. बोल्टांच्या बुडाशी बोट फिरवून तिनं ते उजेडात पाहिलं.

"काय म्हणतेय?" वरून आवाज आला.

"कोरडी आहे."

"बघ नीट."

"बघितलं. पुढे बघा तुम्ही."

मग तिनं वरच्या कप्प्यातले कप काढले, पाय जमिनीवरच ठेवून. वर आली तेव्हा बेट बरंच जवळ आलं होतं. म्हशीच्या पाठीवर झाडं होती, हे तिला गच्चीवरून कधी दिसलं नव्हतं. वन्सं चहा गाळत होत्या, त्याच गाळणीनं, आणि मिस्त्रीला सांगत होत्या की चहात पत्ती येतेय, गाळणी काही पूर्वीसारखी राहिली नाही.