आऊटकाकू आणि काळी रॅकेट

आमच्या आऊटकाकू खोटं बोलायच्या. आडपडदा ठेवत नाही, सरळ सांगते. पत्त्यांत एक्का मांडीखाली, सापशिडीत सोंगटी दोन घरं पुढे, आणि टेनिसमध्ये तर विचारूच नका. चेंडू रेषेच्या हातभर आत पडला तरी पलीकडून बोट वर व्हायचं, "आऊट!" मी चिडून ओरडायचे, "काकू, रेषेवर पडला, चुना उडाला!" त्यावर त्या अगदी शांतपणे, "चुना तं वाऱ्यानंही उडते वं."

वणीजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत त्यांचं क्वार्टर आमच्या समोर होतं. काका खाणीत सर्व्हेअर, माझे पप्पा तिथेच फोरमन. काकू लग्नाआधी नागपूरच्या कॉलेजकडून टेनिस खेळलेल्या. क्लबामागे सिमेंटचं एक कोर्ट होतं, पण त्यावर लग्नाचे मांडव सोडून काही पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. काकूंनी क्लबाच्या सेक्रेटरीला "वरून साहेब लोक पाहायले येऊन राह्यले" अशी थाप मारून जाळी बसवून घेतली. साहेब कधी आले नाहीत. आम्ही मात्र रोज संध्याकाळी जायला लागलो, ओढणी कमरेला बांधलेल्या काकू आणि शाळेच्या बुटातली मी.

मला एकच गोष्ट येत होती, जोरात मारणं. हळू मारायचं म्हटलं की माझा हात रुसायचा. कोर्टाच्या भिंतीपलीकडे पऱ्हाटीचं शेत होतं आणि माझे निम्मे चेंडू तिकडेच मुक्कामाला जायचे. वेचणीच्या दिवसांत बायांच्या ओट्यात कापसाबरोबर चेंडूही निघायचे. एकदा त्यातली एक बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "वो बाई, हे कोनतं वाण पेरून राह्यल्या तुमी?" काकूंनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "बीटी हाय, नवीन आलं."

मग दहावीचं वर्ष आलं आणि पप्पांनी फर्मान काढलं. यवतमाळला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. "तिथं जिंकली तं खेळ चालू," पप्पा म्हणाले, "नाही तं रॅकेट माळ्यावर अन् पोरगी क्लासले. वहिनी, तुमी मधात बोलू नका." काकू मधात बोलल्या नाहीत. पप्पा गेल्यावर माझ्या जुन्या रॅकेटकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "हे चपातीचं लाटणं घेऊन जाशीन तं माळा पक्का हाय."

वणीच्या बाजारात रॅकेट मागितली तर दुकानदारानं विचारलं, "डासाची का? चार्जिंगवाली देऊ?" तेव्हा आम्ही नागपूर गाठलं. तिथल्या दुकानात मला एक लाल रॅकेट दिसली आणि माझा निकाल लागला. रुंद तोंडाची, जाड कडांची, हातात घेतली तर पिसासारखी हलकी. दुकानदार म्हणाला, "बॉल आपोआप जातो, ताई. जोर लावायलाच नको." काकूंनी कपाळावर हात मारला. "इचा बॉल आपोआप कायले जायले पायजे? थो तसाही पऱ्हाटीत जाते!" मग त्यांनी कोपऱ्यातली एक काळी रॅकेट उचलली. तोंड लहान, कडा बारीक, वजन जरा जास्त, तारा घट्ट ओढलेल्या. दिसायला अगदी सुतकी. "हे घे. हे सोताहून काही देत नाही. पळत्या बैलाले तुतारीचा खिळा कायले टोचतं? त्याले कासरा पायजे."

मी दुकानातच रडायला लागले. बैल म्हटल्याचं एक दुःख आणि लाल हुकल्याचं दुसरं. शेवटी काकूंनी दुकानदाराला मी त्यांची सख्खी भाची असून राज्याच्या संघात असल्याचं सांगितलं आणि दोन्ही रॅकेटी आठवडाभर वापरून बघायला आणल्या. ठरलं असं, की दोन्हींनी खेळायचं आणि जिनं जास्त चेंडू आत पडतील ती ठेवायची.

आता आत की बाहेर हे काकू ठरवणार म्हणजे लाल रॅकेटचं मरण नक्की होतं. म्हणून मी अट घातली, पंच काका असतील. काका म्हणजे दुसरं टोक. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, नको असलेल्या पाहुण्याचा फोन आला तरी "घरीच आहो" सांगणारा. काकूंनी तोंड वाकडं केलं, पण कबूल झाल्या.

पहिल्यांदा लाल. मी जीव खाऊन मारलं. चेंडू असे सुटले की काय सांगू! काका कोपऱ्यात उभे राहून, दर वेळी जीभ चावत, खरं तेच सांगत होते. "बाहेर, बेटा. हाही बाहेर. हा तं... शेतात गेला." काकूंना तोंड उघडायची गरजच पडली नाही.

मग काळी. तोच हात, तोच राग. पण चेंडू जाळीवरून गेला, खाली वळला आणि रेषेच्या आत धप्पकन पडला. आणि काकू सवयीनं ओरडल्या, "आऊट!"

"आत हाय," काका म्हणाले. "चांगला वीतभर आत हाय."

"तुमाले दिसत नाही. आऊट!"

पुढचा आत. काकू, "आऊट!" त्याच्या पुढचा आत. काकू, "आऊट!" शेवटी काका कोर्टाच्या मधोमध आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, काहून खोटं बोलून राह्यली? तुहीच रॅकेट जिंकून राह्यली ना!"

काकूंचं बोट हवेतच राहिलं. मी जमिनीवर बसून पोट धरून हसले. काळी रॅकेट घरात राहिली. नंतरचे कित्येक दिवस काकू माझा कोपर दाबून विचारायच्या, "वजनानं दुखते का? खरं सांगजो, खोटं बोलायचं नाही." हे त्यांनी सांगावं!

यवतमाळला त्या आल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणाल्या. काकांनी मागाहून सांगितलं, डोकं ठणठणीत होतं, छातीत धडधडत होतं. तिथं अंतिम सामना सोडला तर पंच नव्हते. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं. पहिल्याच सामन्यात समोरची मुलगी रेषेवरचे चेंडू बेधडक बाहेर देत होती. आदल्या वर्षी तिच्याशी खेळलेल्या मुली रडून बाहेर पडल्या होत्या. मला गंमत वाटली. अशा पोरीला काय घाबरायचं, मी तिच्या गुरूच्या हाताखाली शिकले होते! रेषेपासून हातभर आत मारायचं, म्हणजे कोणाचं काही चालत नाही. मी तो सामना जिंकले, आणि संध्याकाळपर्यंत स्पर्धाही.

बाहेर येऊन पप्पांच्या मोबाइलवरून फोन लावला. "काकू, जिंकले!"

"खोटं बोलून राह्यली तू."

मग फोन काकांनी घेतला. "रडून राह्यली हे. मंग बोलतो." मागून आवाज आला, "सर्दी झाली हाय मले!"

वर्षभरात काकांची बदली चंद्रपूरकडच्या खाणीत झाली. ट्रकवर सामान चढत होतं तेव्हा काकू म्हणाल्या, "दर महिन्याले येतो मी." आल्या नाहीत. व्हिडिओ कॉलवर मात्र भेटायच्या. मी कॉलेजकडून खेळले, विद्यापीठाच्या संघात गेले, आता पोरांना शिकवते. खेळाची चित्रफीत पाठवली की उलट एकच शब्द यायचा, "आऊट!" मला त्या फार आवडायच्या. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं होतं, तर म्हणाल्या, "चाल, फेकू नको."

गेल्या हिवाळ्यात मी कोर्टावर असताना काकांचा फोन आला. "बेटा, तुही काकू गेली. सकाळी."

मी खाली बसले. पोरं समोर खेळत होती. मला दुसरं काही सुचेना.

"काका, खोटं बोलून राह्यले ना तुमी?"



"मले कुठं जमते, बेटा," काका म्हणाले. "थे तं तिलेच जमे."