कुंदाने शिवलेला शेवट

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही डिचोलीच्या घरी जेवायला बसत होतो. ह्यांनी फोन ठेवून नुसती मान हलवली. मी पानावरून उठले. आमच्या ईशाने मात्र एवढंच विचारलं, "आतेन दोरो कापलो काय ना?" ...मला तिचा रागच आला. बारा वर्षांच्या मुलीला एवढीही समज नसावी?

कुंदा माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. केरीला एकटी राहायची आणि जुन्या भयकादंबऱ्यांचं तिला भलतं वेड. सुट्टीत ईशा तिच्याकडे गेली की भर दुपारी, घरापुढच्या सोप्यावर बसून दोघींचं वाचन चाले. अंगणात ऊन असेपर्यंतच भुतांना परवानगी. दुसरा नियम त्याहून अजब. फुलं ओवायच्या दोऱ्याने कुंदा प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिवून टाकायची. तिथवर पोचल्यावर ईशाने आपल्या मनातला शेवट सांगायचा, मगच कात्री. "आदीं तुजो शेवट सांग, मागीर दोरो कापतां," म्हणत ती कात्री वाजवत बसे. मला हे थेर मुळीच पसंत नव्हते. पोर घरी येऊन न्हाणीत एकटी जाईना. मी फोनवर कुंदाला झापलं, तर हसून म्हणाली, "भंय दिसता जाल्यार पुस्तक धांपूंक येता न्ही, वयनी?" पुस्तक मिटलं की भीती संपली, असा तिचा हिशेब. तिच्यावर चिडून राहणं मला कधी जमलंच नाही.

कुंदा आजारी पडली, तेव्हा शेवटचं पुस्तक हॉस्पिटलात वाचलं गेलं. एकाकी घरात एक म्हातारी आणि तिची नात. परसातल्या विहिरीवर कुणी नसताना रहाट वाजतो... मी खाटेच्या पायथ्याशी बसून नको नको म्हणत ऐकत होते. ईशाने शेवट सांगितला : म्हातारी मरते, नि मग तीच रहाट ओढू लागते. कुंदा डोळे मिटून होती. बरोबर म्हणाली नाही, चूक म्हणाली नाही. "फाल्यां कापूंया," एवढंच बोलून तिने ते उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोन आला.

त्यानंतर ईशा रडली नाही. जेवणात लक्ष नाही, पुस्तकाला हात नाही. बाराव्याला केरीला गेलो तेव्हा ती सोप्यावर चढेना. मी दंड धरून विचारलं, तेव्हा तोंडातून निघालं, "हांवें म्हातारेक मारली, म्हणून आते गेली." समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या, पण तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

शेवटी हॉस्पिटलातलं ते पुस्तक आणि कुंदाची कात्री घेऊन मीच सोप्यावर बसले. दोरा कापला. मोठ्याने वाचू लागले. म्हातारी अजून जिवंत होती. पान उलटलं, तरी जिवंत. जगू दे हिला, जगू दे, असं मनात चाललं होतं... आणि ती मेली. क्षणभर वाटलं, खोटंच वाचावं. पण ईशा खांद्यावरून पानात बघत होती. मी होतं ते वाचलं.

मग तिने पुस्तक माझ्या हातातून ओढून पहिल्या पानाशी नेलं, छपाईचं साल बघितलं. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं.

"म्हणजे हें आदींच छापिल्लें?"

"हय गो बाय. तुवें फकत वळखलें."

तेव्हा कुठे ती रडली. मी पण तिला कवटाळून ओक्साबोक्शी रडले.

गेल्या आठवड्यात ईशाने कुंदाच्या कपाटातली एक कादंबरी माझ्यापुढे टाकली. शेवटचं प्रकरण तिने स्वतःच शिवलेलं, टाके वेडेवाकडे. मी, आपणहून कधी भुताचं पान न उघडलेली बाई, दुपारची भांडी आवरून वाचत बसते. काल दोऱ्यापाशी पोचले. कुंदा हवी होती, फार हवी होती. ईशा समोर कात्री वाजवत बसली.

"सांग तुजो शेवट."

"फाल्यां सांगतां," मी म्हटलं.

कात्री थांबली. "फाल्यां न्हय, आई. आत्तांच."

मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि सांगायला लागले.