मनगटावरचं कार्ड

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी पोस्टवर होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. पोस्टवर डॉक्टर नव्हता, मी होतो. दगडी खोलीत स्ट्रेचर, ऑक्सिजन, औषधांची पेटी आणि वायरलेस. रोज सकाळी सहाला पेटी उघडायची, एकेक वस्तू यादीशी ताडून पाहायची आणि सही करायची. बहुतेक दिवस पायाचे फोड आणि खोकला यातच जायचे.

फौजेत जखमीला नेण्याची साखळी असते. पोस्टवरून खालचं मदतकेंद्र, तिथून फील्ड हॉस्पिटल, मग बेस हॉस्पिटल. टप्पा सहसा ओलांडायचा नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर माणूस हजर असतो आणि त्याच्याजवळ सामान असतं. जखमीच्या मनगटाला कार्ड बांधायचं. कधी लागलं, काय दिलं, पुढे कधी पाठवलं. टाइम नसेल तर कार्ड रद्दी.

शिपाई करमवीरचा पाय दरडीखाली सापडला तेव्हा सव्वानऊ झाले होते. मी वायरलेस उचलला.

"कॅज्युअल्टी एक. दाहिनी जांघ. ब्लीडिंग. ओव्हर."

"स्टेबल करो. हेलिकॉप्टर चालीस मिनट. ओव्हर."

नऊ छप्पनला हेलिकॉप्टर उतरलं. अकराच्या आत तो ऑपरेशन टेबलवर होता. आज तो हरियाणात ट्रॅक्टर चालवतो आणि दर दिवाळीला फोन करून माझ्या हिंदीची टिंगल करतो.

लोकांना ही गोष्ट आवडते. शाळेत पंधरा ऑगस्टला मला हीच सांगायला लावतात. पण मला सांगायची आहे ती पेन्शनवर आल्यानंतरची.

आमचं गाव छत्रपती संभाजीनगरपासून गाडीने सव्वा तासावर. जात मेंढपाळाची. आई लवकर गेली, मला वाढवलं गयावहिनीने. भरतीच्या धावण्याची तयारी करायचो तेव्हा पहाटे उठून मला दूध-भाकरी देणारी तीच. मी जेवढा नाकासमोर चालणारा, तेवढी ती तोंडाळ. "भाऊजी, तुमी घड्याळाला इचारून शिंकता का?" असं चारचौघांत म्हणायची.

त्या दिवशी दादा मेंढरं घेऊन गंगापूरकडे गेला होता. वहिनी बांधावर कोकरांसाठी पाला कापत होती. अकरा चाळीसला तिची हाक आली. मी पोहोचलो तेव्हा ती पाय धरून बसली होती.

"नाग व्हता. म्या पाह्यला. लई मोठा नाय."

मी पाय हलू नये म्हणून काठी लावून बांधला. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर टाइम लिहिला आणि सुतळीने तिच्या मनगटाला बांधला. शेजारचा रफिक पिकअप घेऊन आला. बारा पाचला आम्ही निघालो.

रफिक म्हणाला, "हवालदार, सीधं शहरात घेतो. सव्वा घंट्यात पोचवतो."

मी म्हणालो, "नाही. आधी आरोग्य केंद्र. टप्प्याने जायचं."

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "भाऊजी मिल्ट्रीतले हायेत. ते म्हनत्याल तसं."

बारा पंचवीसला आरोग्य केंद्र. डॉक्टर मीटिंगला गेलेले. सिस्टर एकटी, भली बाई. तिने फ्रिज उघडून मला दाखवला. सापाचं इंजेक्शन संपलं होतं, मागणी पाठवलेली होती. डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत आम्ही थांबलो. मग तिने चिठ्ठी लिहिली, 'पुढील उपचारासाठी रवाना'. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, बारा पन्नास.

एक पंचवीसला तालुक्याचा दवाखाना. खिडकीवर केसपेपरची रांग. मी रांगेत उभा राहिलो. पुढे अकरा माणसं होती. मागची एक बाई म्हणाली, "पुढं जा की भाऊ, कोन काय म्हनत नाय." मी गेलो नाही. वीस वर्षं मी रांग मोडली नव्हती. पिकअपमधून वहिनीने विचारलं, "भाऊजी, कोकरांना पानी दावलं का वो कोनी?" तिचा आवाज जड येत होता. केसपेपर मिळाला एक पंचेचाळीसला.

तिथल्या तरुण डॉक्टरने हात लावला तेव्हा तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. त्याच्याकडे होती तेवढी इंजेक्शनं त्याने दिली. मग म्हणाला, "श्वास कमी होतोय. आपल्याकडे व्हेंटिलेटर नाही." सरकारी अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती. सिस्टरने मला श्वास द्यायची रबरी पिशवी दिली. "परत आणून द्या, एकच आहे."

दोन चाळीसला निघालो. मागे ताडपत्रीवर वहिनी, तिच्या डोक्याशी मी. पिशवी दाबायची, सोडायची, मोजायचं. फुलंब्री मागे पडली. तीन पाचला नाडी लागेना. मी छाती दाबत राहिलो. रफिक पुढून विचारत होता, "है ना? है ना?" मी आकडे मोजत राहिलो.

तीन वीसला शहरातला मोठा दवाखाना. तिथे माणसं धावली, मशीन होती, सगळं होतं. बावीस मिनिटं त्यांनी प्रयत्न केले. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटाचा पुठ्ठा सोडवला आणि वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"इतकं नीट लिहून कोणी आणत नाही." त्या पुन्हा वाचू लागल्या. "तुमच्या गावाहून सरळ इथे यायला किती वेळ लागतो?"

"सव्वा तास."

त्यांनी पुठ्ठा माझ्या हातात दिला. बारा पाच अधिक सव्वा तास, एक वीस. एक वीसला वहिनी बसून बोलत होती.

रडू आलं नाही. मला अजून येत नाही. दुसऱ्या दिवशी मी रबरी पिशवी धुऊन, वाळवून तालुक्याला परत देऊन आलो. दादाने मला एक शब्द विचारला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. त्या फ्रिजचा मला राग येतो. पण रिकामा फ्रिज रफिकला ठाऊक होता, गावाला ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो फक्त मला. आपल्याकडेही साखळी आहे असं मी धरून चाललो.

युनिटच्या स्थापना दिवशी आम्ही गेलेल्यांची नावं वाचतो. नंबर, रँक, नाव. मी आता घरीच उभा राहून वाचतो. चार नावं होतात. मग पेटीतून पुठ्ठा काढतो आणि पाचवं वाचतो. नंबर नाही. रँक, वहिनी. नाव, गयाबाई. त्याखाली माझ्याच अक्षरातले टाइम. एक पंचवीस ते एक पंचेचाळीस यापुढे मी तेव्हा काही लिहिलं नव्हतं. नंतर लिहिलं : हवालदार रांगेत.