गोगलगायवाल्या बाईंची फेलोशिप

बाईंच्या पायाला जन्मापासून भिंगरी. वर्गात शिकवताना फळा ते खिडकी, खिडकी ते दार अशा फेऱ्या चालायच्या आणि मागच्या बाकावरच्यांच्या माना दुखायच्या. अशा बाईने आयुष्य वाहावं कुणाला, तर गोगलगायीला! दैवालाही कधीकधी चेष्टा सुचते, दुसरं काय. सगळं कॉलेज त्यांना गोगलगायवाल्या बाईच म्हणायचं. विभागप्रमुख तर तोंडावरच म्हणत, "गोगलगाय अन् पोटात पाय!" पण बाईंच्या पोटात काही नव्हतं. असेल ते सगळं ओठांवर, आणि घात झाला तो त्यानेच.

त्यांचा प्रश्न साधा होता. भिंतीवरची गोगलगाय उचलून बागेच्या दुसऱ्या टोकाला सोडली, तरी ती सरपटत सरपटत त्याच भिंतीशी परत येते. वाट तिला कोण सांगतं? हसायचं असेल तर हसून घ्या, बाईंना सवय आहे. पण पीएचडी होऊन गेली, हा प्रश्न काही सुटला नाही आणि बाईंनी तो सोडलाही नाही. पोटासाठी दोन कॉलेजांत कंत्राटी तास. गोगलगायींसाठी कॉलेजात जिन्याखालची एक खोली, जिथे उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. तीही प्रमुखांच्या मेहेरबानीवर. परीक्षा विभागाला ती खोली केव्हापासून हवी होती.

या सगळ्यावर एकच उतारा होता: नव्या संशोधकांसाठीची विद्यापीठाची फेलोशिप. मिळाली तर तीन वर्षांचा पगार, खोली पक्की, दुसऱ्या कॉलेजचे तास बंद. पण पीएचडीनंतर ठरावीक वर्षांतच अर्ज करता येतो, आणि बाईंचं हे शेवटचं वर्ष. नाही मिळाली तर खोली परीक्षा विभागाला, गोगलगायी बागेला आणि बाई जन्मभर कंत्राटावर. जीव नुसता टांगणीला लागला होता. घरात त्या जेवतानासुद्धा उभ्या राहायला लागल्या.

"अगं, बूड टेक जरा," आई म्हणायची. "तुझ्यापेक्षा त्या बऱ्या. एका जागी खातात तरी."

आईचं हे बोलणं ऐकून कुणाला वाटेल, म्हातारीला गोगलगायींचा तिटकारा आहे. छे! तोंडाने कुरकुर चालायची, "माणसांना सालं आणि या महाराण्यांना काकडी!" आणि हात मात्र काकडीच चिरत असायचे. गोगलगायी हलतात पहाटेच्या ओलीत, आणि बाईंना तर पहिल्या तासाला पलीकडच्या कॉलेजात उभं राहायचं असायचं. मग पहाटे घरामागच्या बागेत भिंतीपाशी बसायचं कुणी? आईने. कवचावर नेलपॉलिशचा रंगीत ठिपका द्यायचा, कोण कुठून निघाली, कुठे पोचली ते बघायचं, परसातले डबे धुवायचे, माती बदलायची. आईचा हात स्थिर होता. नवरा शिंपी. त्याच्या दुकानात तिने जन्मभर काजं केली, बटणं लावली. पाटीवर नाव अर्थात त्याचंच.

त्या शिंप्याने लेकीला एक गोष्ट मात्र पक्की शिकवली होती. "गिऱ्हाइकाकडून लागेल तेवढंच कापड मागायचं. उरलं की लोक म्हणतात, शिंप्याने खाल्लं." बाप गेला, शिकवण राहिली. अर्जात खर्च लिहायची वेळ आली तेव्हा बाईंचे निवृत्त मार्गदर्शक फोनवर ओरडून सांगत होते, "दुप्पट मागा हो! ते निम्मं कापतातच. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही!" बाईंना ते जमेना. डबे आहेत, नको. खोली आहे, नको. मदतनिसाच्या रकान्यापाशी त्या क्षणभर थांबल्या. मदतनीस कशाला? आई आहे की. तिथे त्यांनी आडवी रेघ ओढली आणि वर स्वतःच्या काटकसरीचं कौतुकही वाटून घेतलं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात नव्या कोऱ्या बुटांतला एक उमेदवार बसला होता. त्याने दोन मदतनीस मागितले होते आणि एक सूक्ष्मदर्शकही, जो त्याच्या कॉलेजात आधीच धूळ खात पडला होता. हे त्यानेच हसत हसत सांगितलं. बाई येरझाऱ्या घालत ऐकत होत्या. मनात म्हणाल्या, काय निगरगट्ट माणूस! पण त्याचा काय दोष? त्याला खेळ कळला होता, इतकंच.

आत समितीचे चौघे. सुरुवात झकास झाली. बाई बोलायला लागल्या की गोगलगायसुद्धा धावते. चौघेही पुढे वाकून ऐकत होते, एकाने तर हातातला चहा गार केला. मग अध्यक्षांनी खर्चाचं पान उलटलं.

"पहाटेची नोंद कोण ठेवतं?"

"आई."

चौघे हसले, प्रेमानेच हसले. बाईही हसल्या.

"त्यांना काय देता?"

"अहो, आई आहे ती!"

"बरं. आणि समजा, आम्ही फेलोशिप दिली नाही, तर?"

इथे जरा रडायचं होतं. निदान गप्प बसायचं होतं. पण बाईंच्या आत बापाचा ताठा उभा राहिला, आणि त्या मान वर करून म्हणाल्या, "तरी काम चालूच राहील, सर."

जिना उतरतानाच त्यांना कळलं, आपण काय बोलून बसलो ते. अगं भवाने! स्वतःलाच शिव्या घालत त्या चालत सुटल्या. बस आली, गेली, पुन्हा आली. शेवटी घरापर्यंत पायीच. आईला म्हणाल्या, "छान झाली मुलाखत."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फोन वाजला की दचकायचं, नाही वाजला की उचलून बघायचं. आई देवाला काही बोलली असेल तर ते तिलाच ठाऊक, काकड्या मात्र दोन जास्त आणल्या.

उत्तर आलं ते दुपारी. स्वयंपाकघरात आई चिरत होती, बाई दारात उभ्या राहून फोनवर वाचत होत्या.

"वाच ना मोठ्याने."

"प्रस्ताव उत्तम आहे," बाईंनी वाचलं. आईचा चेहरा फुलला. "मात्र उपलब्ध साधनांत हे काम सुरू राहू शकते, असे समितीचे मत आहे. सबब..." पुढे त्यांच्याने वाचवेना.

आईने सुरी खाली ठेवली.

"उपलब्ध साधनं म्हणजे मी का गं?"

बाईंनी हातातला फोन पालथा केला.

"मी फुकट केलं म्हणून तुझं गेलं?"

"नाही गं आई! तुझ्यामुळे नाही." आणि मग बाई रडल्या, जे त्या चौघांपुढे रडायला हवं होतं ते सगळं इथे रडल्या. "मी रेघ मारली. तुझ्या कामाच्या जागी मी रेघ मारली. बाबांनी पाटीवर केलं, तेच मी केलं."

आईने पदराने लेकीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "बाबांना नावं ठेवू नकोस," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण पाटीवर नाव असतं तर आवडलं असतं मला."

मग सवयीने तिने परसातल्या डब्यांसाठी काकडीची ताटली उचलली. बाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"आज तू बस. आज मी घालते."

आईला बसायची सवय कुठली? ती दारातच उभी राहिली, आणि हिरव्या ठिपक्यावालीला साल काढून दे, तिला साल चालत नाही, असं तिथूनच सांगत राहिली.